मला फुकट ठेवू नका

मित्रांनो, मी कामगारांच्या विमा रुग्णालयातला जुना एमआरआय आहे. माणसाला पोटात घेऊन त्याच्या आतलं चित्र काढणारा. माझा आवाज मोठा आणि स्वभाव तापट. ज्याला सोसेल त्याने ऐकावं.

मला इथे बसवताना भिंत पाडावी लागली होती. केवढ्या टाळ्या, केवढी भाषणं! विमा योजनेचे साहेब म्हणाले, "स्कॅन सगळ्यांना फुकट!" रोजच्या औषधांचा निम्मा खर्च मात्र रुग्णाच्या खिशातून. मग काय, ज्याची त्याची पाठ दुखायला लागली. दोन दिवस शेकून बरी होणारी पाठसुद्धा माझ्यापुढे रांगेत! लोक माझं कौतुक करायचे आणि मला वैताग यायचा.

त्याच रांगेत पहिलवान आला. गोदामात पोती उचलणारा आडदांड गडी, म्हणून हे टोपणनाव. त्याला मधुमेह. इन्सुलिनची सुई रोज हवी, पण हा एक दिवस घ्यायचा आणि दोन दिवस चुकवायचा. पाठीच्या स्कॅनला मात्र तिसऱ्यांदा हजर!

"अहो, पाठीचे फोटो किती काढाल? अल्बम करायचाय का?" बायको करवादली. "त्यापेक्षा सुई घ्या की!"

"सुईला खिसा रिकामा होतो. हे फुकट आहे, घेऊ या करून."

मला चालवणाऱ्या ताईंनी त्याला बूट काढायला सांगितले. मोजा पायाला चिकटला होता. अंगठ्याखाली जखम, भोवती सगळं काळं.

"अगं बाई! हे कधीपासून?"

"दुखत नाही हो ताई. तुम्ही पाठीचं बघा."

दुखत नव्हतं, हेच तर वाईट होतं! साखरेने पायाची जाणीवच गेली होती. ताईंनी मला तिथेच थांबवलं आणि त्याला खुर्चीत बसवून शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांकडे पळवलं. अंगठा गेला. पाय राहील की नाही, कुणीच सांगेना.

बायको तडक साहेबांच्या खोलीत शिरली. साहेब म्हणाले, "वहिनी, नियम सगळ्यांना सारखा आहे."

"सारखा कसला डोंबलाचा! जे नाही घेतलं तर पाय जातो, त्याला पैसे. जे नाही केलं तर काही बिघडत नाही, ते फुकट! उद्या पाय कापायचा खर्च तुमचीच योजना देणार ना? मग सुईलाच का हात आखडता?"

साहेबांनी तिचं म्हणणं लिहून घेतलं आणि वर कळवलं. पुढे नियम बदलला. इन्सुलिन फुकट, रक्तदाबाच्या गोळ्या फुकट. डॉक्टरांना गरज वाटली तर स्कॅनही फुकट. हौसेने हवा असेल, तर खिशात हात घाला. मित्रांनो, पाठी कशा पटापट बऱ्या झाल्या म्हणून सांगू!

आता मी बराच वेळ रिकामा असतो. लोक मला पांढरा हत्ती म्हणतात. म्हणू देत! परवा मणक्यात गाठ असलेल्या शिक्षिका आल्या, तेव्हा या हत्तीनेच ती शोधली. पण साहेबांचं मन पुन्हा डळमळतंय. "एवढं मशीन पडून राहतं. जुना नियमच आणावा का?"

खबरदार!

काल पहिलवान माझ्या दारावरून गेला. थोडा लंगडत, पण स्वतःच्या दोन पायांवर. औषधाच्या खिडकीकडे सुई घ्यायला निघाला होता. माझ्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही, आणि मला इतका आनंद कधी झाला नव्हता. मित्रांनो, मला पुसू नका, झाडू नका, ती खिडकी जपा. मला भंगारात काढायचं तर खुशाल काढा. पण त्याच्या सुईला पुन्हा पैसे लावलेत, तर याद राखा!