भस्माच्या खुणा धुतल्या तेव्हा

मित्रांनो, हे मी सांगणारच नव्हते. मी एक जुनी कुऱ्हाड हाय, आणि झाडांची गोष्ट कुऱ्हाडीच्या तोंडून कोण ऐकणार? पण आता राहवत न्हाय.

नळदुर्गाच्या बाजारातल्या लोहाराच्या भट्टीत माझा जन्म झाला. लोहारा भागातल्या एका गावात लाकूडतोड्या बलभीमनं मला घेतलं, तवापास्नं मी त्याच्याच हातात. लोक म्हणायचे, याची कुऱ्हाड लोण्यावानी चालती. मला लई बरं वाटायचं.

गावाबाहेर लिंबांची राई होती. लिंगायत तिथं आपली माणसं पुरायचे, बसवून. वर दगड न्हाय, एक झाड लावायचं. बाकीचे लिंब आपसूक उगवलेले. दुपारी अख्ख्या गावाची गुरं तिथं सावलीला.

निजामाच्या शेवटच्या वर्षी, त्या धामधुमीत शेजारची वाडी जळाली. चाळीस माणसं आमच्या गावच्या मठाच्या ओसरीवर आली. थंडीनं दोन लेकरं गेली. घरं बांधायला जागा म्हणजे ती राईच.

"आमची माणसं बसल्यात तिथं," म्हातारे शिवलिंगप्पा म्हणाले.

"मेलेली बसल्यात. मग जित्यांनी कुठं बसावं, आप्पा?" वाडीची कडूबाई बोलली. गेलेल्यातलं एक लेकरू तिचं होतं.

शेवटी ठरलं, समाधीची झाडं ठेवायची, बाकीची तोडायची. खुणा आप्पांनी करायच्या.

"चुना लावा, आप्पा," बलभीम म्हणाला.

"चुना तुज्या पानाला लाव. आमच्या माणसांना भस्मच."

सांजेला आप्पांनी समाधीच्या झाडांना भस्म लावलं. सकाळी अवकाळी पाऊस पडला. भस्म वाहून गेलं. आप्पा तापानं फणफणलेले, आणि ओसरीवर लेकरं कुडकुडत होती. थांबायला कुणी तयार न्हाय. बलभीमनं अंदाजानं मला चालवलं. मी चालले.

महादेवी आली तवा तिच्या नवऱ्याचं, शांतलिंगचं झाड आडवं पडलं होतं. ती ओरडली न्हाय.

"काल भस्माची वाटी मीच धरली होती, बलभीम," एवढंच म्हणाली.

त्याच लाकडाचं आढं कडूबाईच्या घरावर चढलं. कडूबाईनं महादेवीला आत बोलावलं. ती दारापर्यंत आली, वर बघितलं, माघारी गेली.

घरं पाहिजेच होती, मित्रांनो. पण एक दिवस थांबायला पाहिजे होतं. त्यानंतर खुणा कुणी विचारल्याच न्हाईत. उरलेली झाडं तोडून मग गोठे झाले, मग दुकान.

आता एकच लिंब उरलाय. काल बलभीम त्याच्याकडं बघत लई वेळ उभा होता. मी लिंबाला म्हणले, "गड्या, तुझ्यावर मला उगारलं, तर पहिल्याच घावाला दांड्यातून निसटंन. बलभीमच्या पायावर पडले तरी चालंल."