गालांतला श्वास

माझं डोकं लवकर तापतं हे मला माहीत आहे; कुणी सांगायला येऊ नये. त्या दुपारी मात्र ते तापायला कारण होतं. घरच्या माणसाचा स्कॅन आपण करायचा नाही, असा आमच्या विभागाचा रिवाज. पण माझा जोडीदार तंत्रज्ञ रजेवर होता आणि कॅमेऱ्याखालच्या अरुंद टेबलावर माझे बाबा पडले होते.

त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला तीन आठवडे झाले होते आणि दोन दिवसांपासून त्यांना धाप लागत होती. पायात रक्ताची गुठळी होऊन ती फुप्फुसात अडकली असेल, तर रक्त पातळ करणारं औषध ताबडतोब हवं. पण गेल्या वर्षी त्यांच्या अल्सरमधून इतकं रक्त गेलं होतं की खात्री असल्याशिवाय ते औषध द्यायला डॉक्टरबाई तयार नव्हत्या. सीटी स्कॅनसाठी शिरेतून जे द्रव्य सोडतात ते त्यांच्या मूत्रपिंडांना झेपलं नसतं. म्हणजे सगळी भिस्त माझ्या दोन चित्रांवर. पहिल्यासाठी माणूस किंचित किरणोत्सर्गी धुकं श्वासातून आत घेतो, आणि हवा कुठवर पोचते ते दिसतं. दुसऱ्यासाठी इंजेक्शन देतात, आणि रक्त कुठवर पोचतं ते दिसतं. हवा आहे पण रक्त नाही, तर गुठळी. दोन्ही नाहीत, तर फुप्फुसाचंच जुनं दुखणं. मग ते औषध नाही, श्वासाचा पंप देऊन घरी.

बाबांनी चाळीस वर्षं बँडमध्ये ट्रम्पेट वाजवला. सोबतचे त्यांना ‘भाता’ म्हणायचे. सकाळी वॉर्डात मीच त्यांना झापलं होतं, "श्वास कमी पडतोय असं निघालं ना, तर ट्रम्पेट कपाटात आणि कपाटाला कुलूप."

नाकाला चिमटा लावला, तोंडात नळी दिली.

"मोठे श्वास घ्या, बाबा."

त्यांनी मान हलवली. कॅमेऱ्याने टिपलेल्या किरणांचा आकडा पडद्यावर चढत गेला. ठरलेला आकडा आला की नळी काढायची. एरवी मी आकड्याबरोबर चित्रही बघते. पण त्या दिवशी बापाच्या फुप्फुसात काय आहे ते बघायची माझी छाती झाली नाही. आकडा भरला, मी नळी काढली, फोटो घेतले आणि दुसऱ्या चित्राचं इंजेक्शन हातात घेतलं.

डॉक्टरबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "खालच्या भागात हवाच जात नाहीये," त्या म्हणाल्या. "जुनं दुखणं दिसतंय. रक्ताचं चित्र उरका आता. ऑक्सिजन एकोणनव्वदवर आलाय."

तेव्हा कुठे मी पडद्याकडे पाहिलं. फुप्फुसांचा खालचा भाग रिकामा होता. वरच्या कडेला घशाशी एक लख्ख ठिपका होता आणि खाली पोट दिव्यासारखं पेटलेलं. धुकं फुप्फुसात गेलंच नव्हतं. ते तोंडात साठलं होतं आणि गिळलं गेलं होतं.

"बाबा, खरं सांगा. छातीतून घेतलेत की गालांतून?"

ते छताकडे बघत राहिले. "छाती भरली की आत सुरी खुपसल्यासारखं होतं. आणि तू ते कुलपाचं बोललीस." मग थांबून म्हणाले, "बँडमधली शेवटची दोन वर्षं गालांवरच वेळ मारून नेली. कुणाला कळलं नाही."

हातातलं इंजेक्शन मी खाली ठेवलं.

"हे चित्र खोटं आहे," मी डॉक्टरबाईंना म्हणाले. "पुन्हा करायला हवं."

"आकडा तर पूर्ण भरलाय."

"तोंड आणि पोट धरून भरलाय. चूक माझी आहे. चित्र न बघता मी नळी काढली."

त्यांनी बाबांच्या निळसर ओठांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दहा मिनिटं. त्यापुढे मी त्यांना इथे ठेवणार नाही."

बाबांना चूळ भरायला लावली आणि या वेळी बसवूनच नळी दिली. मी लहान असताना ते माझ्या बरगड्यांखाली पंजा ठेवून श्वास शिकवायचे. तसाच मी माझा पंजा त्यांच्या बरगड्यांखाली ठेवला.

"इथे लागलं पाहिजे. चार मोजेपर्यंत आत. दुखलं तर दुखू दे."

पहिल्याच श्वासाला ते कण्हले. माझ्या हाताखाली बरगड्या जेमतेम हलल्या. दुसऱ्या श्वासाला त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्यांनी डोळ्यांनीच विचारलं, पुरे? मी म्हणाले, अजून. ऑक्सिजन शहाऐंशी. जन्मात कुणाचा इतका छळ केला नव्हता, आणि करत होते तो माझ्याच बापाचा. आकडा मुंगीच्या पावलांनी चढत होता. मी डोळे चित्रावरून हलवले नाहीत.

हळूहळू दोन्ही फुप्फुसं तळापर्यंत भरली.

मग इंजेक्शन दिलं आणि रक्ताचं चित्र घेतलं. उजवीकडचा खालचा भाग गायब होता आणि डावीकडे दोन लचके तोडलेले. हवा होती, रक्त नव्हतं. डॉक्टरबाई माझ्याआधी फोनपाशी पोचल्या. "गुठळ्या आहेत. औषध तयार ठेवा, पेशंट येतोय." एवढी वाईट बातमी ऐकून मला आनंद झाला, आणि त्याची मला जराही लाज वाटली नाही.

"गेला ना माझा भाता?" बाबांनी विचारलं.

"भाता शाबूत आहे. रक्ताची वाट अडलीय. तिच्यासाठीच औषध देतायत."

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. मग म्हणाले, "मला वाटलं होतं, संपलं सगळं. म्हणून तर लपवत होतो."

नर्सने चाकांचा पलंग दाराकडे वळवला.

"आणि कुलूप?"

"नाही लावत. पण पुन्हा माझ्यासमोर असे तोंडदेखले श्वास घेतलेत तर बघा," मी म्हणाले, आणि मला रडूच फुटलं. हुंदके काही केल्या थांबेनात. बाबांनी पलंगावरूनच हात लांब करून माझ्या बरगड्यांखाली पंजा ठेवला.

"चार मोज," ते म्हणाले.