एक्कावन्न जणांची रांग

बँकेच्या तीन नंबरच्या काउंटरवर एकोणतीस वर्षं काढल्यामुळे सगळे त्यांना तीन नंबरच म्हणत. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी ते नाव त्यांना सोडायला तयार नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांनाही ते आवडायचं. बँकेने वेळोवेळी कर्मचाऱ्यांना दिलेले शेअर त्यांनी जपून ठेवले होते. ‘आमची बँक’ हे शब्द ते अशा थाटात उच्चारत, की ऐकणाऱ्याला वाटावं, बँक यांच्या वडिलांनीच काढलेली.

लेक जनावरांची डॉक्टर. दुसऱ्याच्या दवाखान्यात सात वर्षं राबल्यावर तिला स्वतःच्या दवाखान्यासाठी जागा सापडली होती. मागे आजारी कुत्र्यामांजरांना ठेवायला खोली, पुढे तपासायला उजेड. जागामालकाने शुक्रवारपर्यंत मुदत दिली होती. ‘शेअर विकून पैसे देतो’ असं तीन नंबरांनी वर्षापूर्वी आपण होऊन सांगितलं होतं. आज बुधवार उजाडला, आणि हे गृहस्थ पट्टी-पेन्सिल घेऊन यादी वाचत बसले होते!

यादी आणली होती मेव्हण्याने. तो शेअर दलालाच्या ऑफिसात कामाला होता आणि जेवणाच्या सुट्टीत बहिणीकडे येई. यादीत होते हेज फंड, म्हणजे श्रीमंतांचा पैसा गोळा करून बाजारात खेळवणाऱ्या कंपन्या. मागच्या तिमाहीत अशा अडतीस फंडांकडे बँकेचे शेअर होते. या तिमाहीत एक्कावन्न.

“तेरा नवीन!” तीन नंबरांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. “एवढी हुशार माणसं आमच्या बँकेपुढे रांग लावतात, आणि मी बाहेर पडू? लेकीला म्हणावं, सहा महिने थांब.”

खिडकीपाशी मशीनवर बसलेल्या बायकोने पॅन्टची शिवण उसवता उसवता एकदा वर पाहिलं. आयुष्यभर तिने लोकांचे कपडे लांब-आखूड करून दिले होते.

“भावोजी, खालची ओळ बघा,” मेव्हणा म्हणाला. “फंड वाढलेत, पण सगळ्यांकडचे मिळून शेअर घटलेत.”

तीन नंबरांनी पट्टी खाली सरकवली. खरंच घटले होते.

“माणसं जास्त, शेअर कमी? असं कसं?”

“आणि त्या तेरातले अकरा काही हौसेने आलेले नाहीत. बँकेने मध्ये ती छोटी बँक घेतली ना? तिचे शेअर ज्यांच्याकडे होते, त्यांना बदल्यात आपल्या बँकेचे मिळाले.”

“म्हणजे ते आले नाहीत, त्यांना आणून बसवलं.”

“हो. शिवाय काही जण एका हाताने शेअर घेतात आणि दुसऱ्या हाताने भाव पडण्यावर पैज लावतात. ती पैज इथे दिसत नाही. आणि ही यादी दीड महिन्यापूर्वीची. आज त्यातलं कोण आहे आणि कोण पळालं, देव जाणे.”

“मग जुने लोक घाबरून विकताहेत?”

“घाबरून असेल. नाहीतर नफा खिशात टाकला असेल. दोन्ही अर्थ निघतात.”

“मग तू ऑफिसात दिवसभर करतोस काय?”

“हेच. दोन्ही अर्थ काढतो.”

तीन नंबरांच्या डोक्याचा पार भुगा झाला. त्यांनी एक्कावन्नला गोल केला, खोडला, पुन्हा केला. माणसाने काउंटरच्या आतून रांग पाहण्यात जन्म घालवला, की त्याला रांगेची लांबीच दिसते. त्यांना रांग वाचता यायची असा त्यांचा जुना अभिमान, आणि या रांगेत तर एकाचंही तोंड दिसत नव्हतं.

“अहो,” बायको म्हणाली, “त्या अफवेच्या दिवशी बँकेपुढे केवढी रांग होती?”

“चपलांच्या दुकानापर्यंत!” हा त्यांचा आवडता किस्सा. बँक बुडणार अशी अफवा उठली होती. सकाळी रांग पाहून यांची छाती फुगली, केवढे हे नवे ग्राहक! दुपारी समजलं, जो तो आपले पैसे काढायला आलाय. “पण प्रत्येकाला हसून पैसे दिले मी. आपल्या माणसांपैकी एकसुद्धा त्या रांगेत नव्हतं.”

“मी होते.”

मेव्हण्याने डब्याचं झाकण लावता लावता हात थांबवला.

“एक नंबरच्या काउंटरला उभी राहिले, तुम्हाला दिसू नये म्हणून. चार दिवसांनी परत भरले.”

“तू? का?” त्यांचा आवाज चिरकला. “माझ्यावर विश्वास नव्हता?”

“तुमच्यावर होता. बँकेचं मला काही कळत नव्हतं, आजही कळत नाही. पण लेक पोटात होती, आणि बाळंतपणाचे सगळे पैसे तिथेच होते.”

तीन नंबरांना राग आला, मग लाज वाटली, आणि मग दोन्हींचं काय करावं ते कळेना. इतकी वर्षं त्यांनी ती रांग पाहुण्यारावळ्यांना मोजून दाखवली होती. त्यात स्वतःची पोटुशी बायको उभी होती, आणि ती का उभी होती, हे कुठल्याही यादीत सापडलं नसतं.

“किती काढले होतेस?” त्यांनी विचारलं.

“सगळे.”

त्यांनी कागदाची घडी केली. भाव वर जाणार की खाली, ते त्यांना सकाळपेक्षाही कमी कळत होतं. मेव्हणा निघायला उठला.

“मग, भावोजी? विकायचेत? किती?”

त्यांनी मशीनकडे पाहिलं. बायको सुईत दोरा ओवत होती.

“सगळे,” ते म्हणाले.