मागचा दिवा पेटतोय का?

माझ्या नवऱ्याच्या पायाला भिंगरी आहे, असं मी तीन वर्षं सगळ्यांना सांगत आले. ओहायोतलं घर विकलं, राहायला सत्तावीस फुटांचा, चाकांवरच्या घरासारखा ट्रेलर घेतला, पिकअपच्या मागे जोडला आणि एका वर्षासाठी म्हणून निघालो. त्या एकाची तीन झाली. कोणी विचारलं की मी रसेलकडे बोट दाखवायची आणि तो बिचारा नुसता हसायचा.

त्या सोमवारी मोंटानातल्या हार्लन क्रीकच्या ट्रेलर-कॅम्पवर आम्हाला चोवीस दिवस झाले होते. दुसऱ्या आठवड्यापासूनच मला चैन नव्हतं. धुतलेले कप पुन्हा धू, नकाशा उघड, मिटून ठेव, हजार मैलांवरच्या गावात आज पाऊस आहे का ते फोनवर बघ. सकाळी डोळे उघडले की खिडकीत तेच झाड आणि त्याखाली तोच म्हातारा, तोच कुत्रा. जीव कातावून जायचा. रसेल कंटाळला असेल, असं मी मनाशी म्हणायची.

आमची आयव्ही चौदा वर्षांची. आतापर्यंत तिची शाळा म्हणजे ट्रेलरमधलं जेवणाचं टेबल आणि बाई मीच. कॅम्पच्या मालकीण बर्निसबाई. त्यांच्या नातीबरोबर ती गावातली शाळा बघून आली आणि तेव्हापासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं.

"आई, तिथे प्रत्येकाला आपापलं कपाट असतं. त्यात वस्तू ठेवायची, कुलूप लावायचं, दुसऱ्या दिवशी ती तिथेच!"

"आपल्याकडे काय कपाटं नाहीत?"

"आहेत गं. पण दुसऱ्या दिवशी दाराबाहेर भलतंच गाव असतं."

नववीत नाव घालायला शाळेला गावातला पत्ता हवा होता. आमचा पत्ता म्हणजे पत्रं यायला साउथ डकोटात भाड्याने घेतलेली एक टपालपेटी, त्या गावात आम्ही उभ्या जन्मात एक रात्र काढलेली. बर्निसबाई नऊ महिन्यांसाठी जागा द्यायला आणि तसं पत्र लिहून द्यायला तयार होत्या. ते पत्र घेऊन आई किंवा बापाने सोमवारी चारच्या आत सही करून यायचं, एवढंच. पण सप्टेंबरअखेर नॉर्थ डकोटात बीटच्या सुगीचं काम ठरलेलं होतं, आणि तोवर वाटेत तीन ठिकाणी मुक्काम. कामाचा अर्ज मी भरला होता, मुक्कामही मीच ठरवले होते. म्हणायचं मात्र रसेलचा बेत.

रविवारी संध्याकाळी मी आयव्हीला सांगून टाकलं, "पुढच्या वर्षी बघू. बाबांना आता निघायचंय." रसेल बादल्यांत लावलेल्या टोमॅटोंना पाणी घालत होता. त्याने पुढची बादली ओढली. आयव्हीने आपली पुस्तकं खणात भरून टाकली. मला वाटलं, शहाणी आहे पोरगी.

निघायच्या सकाळी आमची कामं वाटलेली असतात. मी आतल्या खिट्ट्या, फ्रिजचं दार, खिडक्या बघते. रसेल बाहेर पाण्याचा पाइप सोडतो, जॅक वर घेतो, चाकांखालचे ठोकळे काढतो. शेवटी तो पिकअपमध्ये बसतो आणि आयव्ही ट्रेलरच्या मागे उभी राहून दिवे बघते. एकदा मागून दणका बसल्यापासून, दिवे पाहिल्याशिवाय चाक हलवायचं नाही, हा त्याचा कायदा.

"डावा?"

"पेटला!"

"उजवा?"

"पेटला!"

"ब्रेक?"

मागून आवाजच येईना.

"अगं, ब्रेक! झोपलीस का?"

"नाही पेटत," आयव्ही म्हणाली.

रसेल उतरला, ट्रेलरच्या दिव्यांचा प्लग काढून पुसला, परत बसून ब्रेक दाबला. नाही पेटत. फ्यूज बदलला. नाही पेटत. ट्रेलरखाली उताणा पडून वायर चाचपली. तरीही नाही. नऊचे दहा झाले, दहाचे अकरा. आत सगळ्या खिट्ट्या लागलेल्या, सामान बांधून ठेवलेलं, बसायलाही जागा नाही. मी पिंजऱ्यातल्या जनावरासारखी ट्रेलरभोवती फेऱ्या मारत होते.

"तोच प्लग किती वेळा पुसशील? झिजून जाईल तो."

"तू जरा सावलीत बस ना, लॉरेन."

"चोवीस दिवस सावलीतच बसलेय मी!"

तेवढ्यात बर्निसबाई आल्या. हातात कागद होता. "मी आपलं पत्र लिहून ठेवलंय," त्या म्हणाल्या. "हवं तर घ्या, नाहीतर चूल पेटवायला होईल."

"नको, आम्ही निघालोच आहोत," मी म्हटलं. अंगावर धावून गेल्यासारखंच म्हटलं असणार, कारण त्या दोन पावलं मागे सरकल्या.

शेवटी रसेल हात पुसत म्हणाला, "तू बस गाडीत. मीच मागे जाऊन बघतो."

मी बसले आणि किल्ली फिरवली. इंजिनची घरघर तळपायातून वर चढली आणि कित्येक दिवसांनी मला बरं वाटलं. रसेल मागे आयव्हीजवळ जाऊन उभा राहिला.

"दाब!"

मी दाबला. बाजूच्या आरशात मागच्या ओळीतला एक चकचकीत पत्र्याचा ट्रेलर दिसत होता, झाडाच्या सावलीत उभा. त्या पत्र्यावर दोन लाल ठिपके उमटले. पाय उचलला, गेले. दाबला, परत आले.

 मग रसेल खाकरला. "नाही गं पेटत. पोरगी खरं सांगतेय. भाग मागवायला लागेल, दोन-तीन आठवडे तरी जातील."

"पेटलाय!" मी जिवाच्या आकांताने ओरडले. "मला दिसतोय इथून! चांगला पेटलाय!"

ओरडून झाल्यावर मला कळलं, मी काय बोलले ते.

दोघं खिडकीशी आली. आयव्हीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मी खोटं बोलले," ती म्हणाली. "पण मला वाटलं होतं, बाबांना जायचंय."

मी रसेलकडे पाहिलं. "तुला जायचंय ना?"

"लॉरेन, मी टोमॅटो लावतो. निघायची घाई असलेला माणूस टोमॅटो लावतो का कधी?"

"मग तीन वर्षांत तोंड का नाही उघडलंस?"

"अकरा वर्षं तू आजारी आईच्या पलंगाशी बसून काढलीस," तो म्हणाला. "दुकान आणि घर, घर आणि दुकान. निघालो त्या दिवशी खिडकीतून डोकं बाहेर काढून शाळकरी पोरीसारखी ओरडत होतीस. म्हटलं, फिरू दे हिला, मन भरेपर्यंत."

माझं मन भरलं नव्हतं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलासुद्धा नाही, पण चाकं थांबली की आतल्या खोलीतून कोणीतरी मला हाक मारील, अशी मला भीती वाटते. आईवर माझा जीव होता. तरी ती गेली त्या दिवशी मी रडायच्या आधी गाडीची किल्ली शोधली होती. इतकी वर्षं ही लाज मी रसेलच्या पायांवर ढकलत आले, आणि आता लेकीची शाळा त्याच गाडीखाली घालायला निघाले होते.

"आई, उतर ना," आयव्ही म्हणाली.

माझा पाय ब्रेकवरून निघेना. रस्ता समोर मोकळा होता, गाडी जोडलेली होती, दिवे पेटत होते. बर्निसबाई कागद धरून उभ्याच होत्या. मग मी किल्ली फिरवली, इंजिन बंद केलं आणि किल्ली काढून आयव्हीच्या हातात कोंबली.

"लपव ही. कुठे ते मला सांगू नकोस. मी मागितली तरी देऊ नकोस. रडले तरी नाही."

"कधीपर्यंत?"

"जूनपर्यंत, तुझी शाळा संपेपर्यंत. जा, बाबांनाही दाखवू नकोस, तो माझ्यापुढे विरघळतो."

ती पळत कॅम्पमागच्या नदीकडे गेली आणि रिकाम्या हातांनी परत आली. शाळा दीड मैलावर होती. बर्निसबाईंच्या हातातलं पत्र घेऊन मी चालत निघाले, आयव्ही माझ्या शेजारी. वाटेत दोनदा मी थांबले आणि म्हटलं, "सांग ना कुठे ठेवलीस." दोन्ही वेळा तिने मान हलवली आणि माझा हात घट्ट धरून मला पुढे ओढलं.