चिकटलेली गल्ली

सायकलवाले काका मोजणी कार्यालयात आले ते तावातावानेच. खुर्ची पुढे केली तरी बसले नाहीत.

"ताई, माझी गल्ली कुठे गेली?"

नकाशे काढणारी ताई तिथली सगळ्यात नवी. तिने वस्तीचा नवा नकाशा पडद्यावर मोठा केला. पुढे दोन घरं, त्यांच्या मागे काकांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. दोन घरांच्या मध्ये एकच रेघ.

"भिंतीला भिंत लागलेली दिसतेय, काका."

"मग गिऱ्हाईक काय भिंतीतून आरपार येतं? पुढच्या घरातला रंगवाला उद्या तिथे बांधकाम काढतोय. म्हणतो, नकाशात वाट नाही, मी का सोडू? वाट बुजली की माझं दुकान बंदच समजा."

ताईने ड्रोनचा फोटो उघडला. वरून दोन्हीकडचे पत्रे एकमेकांवर आलेले. खाली काय आहे ते दिसेना. मग तिने जुना कागदी नकाशा काढला. तिथे मात्र दोन रेघा होत्या, अगदी जवळजवळ.

जुन्या नकाशांवरून रेघा काढताना शेजारच्या जागांमध्ये खोट्या फटी पडतात. त्या बुजवायला तिने संगणकाला सांगून ठेवलं होतं, की एकमेकींपासून मीटरभराच्या आत असलेल्या रेघा आपोआप चिकटव. नकाशा कसा स्वच्छ दिसला होता! खोट्या फटींबरोबर खरी वाटही बुजली होती.

"चला काका," ती उठलीच. "जागेवर जाऊन मोजू."

गल्लीत तिने उपग्रहावरून जागा सांगणारं यंत्र उभं केलं. डोक्यावर पत्रे, आभाळाचा पत्ता नाही, यंत्र गप्प.

"बघा," रंगवाला दारातून हसला, "तुमचं यंत्रसुद्धा म्हणतंय, इथे काही नाही!"

"त्याला तूही दिसत नाहीयेस," काका फणकारले.

ताईने पिशवीतून फीत काढली आणि तिचं टोक रंगवाल्यापुढे धरलं. ज्याची भिंत त्याने टोक धरायचं, ही मोजणीतली जुनी पद्धत. मागाहून कुरबूर नको.

त्याने लगेच हात पुढे केला नाही. "मला काय काकांशी वैर आहे? आईला आता जिना चढवत नाही. तिच्यासाठी खाली खोली काढायची होती."

शेवटी त्याने टोक भिंतीला टेकवलं.

"ओढ जरा," काका म्हणाले. "झोळ पडलाय. माझी गल्ली फुकटची रुंद होतेय."

"एवढ्याशा बोळात कसला झोळ!" म्हणत रंगवाल्याने फीत ताणली.

"चौऱ्याऐंशी सेंटिमीटर," ताईने वाचलं. "वाट आहे. नकाशा चुकलाय, आणि चूक माझी आहे."

रंगवाला फितीकडे बघत राहिला. "गवंड्याला थांबायला सांगतो," तो म्हणाला. मग काकांकडे वळला. "पण खोलीचं काय करू, तेही तुम्हीच सांगा आता."

"मागे चल. माझं सामान तुझ्या परसात सांडलंय, ते हलवलं तर काहीतरी निघेल."

दोघे बोलत आत गेले. ताईने साहेबांना फोन लावला.

"वाट निघाली, साहेब. पण असे बोळ वस्तीभर असणार. सगळा नकाशा पुन्हा उघडावा लागेल."

"जाहीर झालेला नकाशा? वरून विचारतील, कुणाच्या चुकीने?"

"माझं नाव सांगा."

"जेवलीस का?" साहेब म्हणाले. "जेवून घे. मी दुसरी फीत घेऊन निघतोय."