माह्या पोटातला गोविंदाचा ढोलक

मित्रांनो, आसेगावात पंचफुलाबाईच्या घरी भिंतीतल्या दिवळीत फडक्याखाली जे काळं डबडं दिसते, ते मी. टेपरेकॉर्डर म्हन्तात मले. आता जुना झालो. पट्टा ढिला पडला, बटनं दाबली त दबूनच राह्यतात. पन माह्या पोटात काय काय होतं अन् काय गेलं, ते सांगाले मी अजून थकलो नाई. सरकून बसा जरा.

कोन्या कारखान्यात जलमलो ते मले याद नाई. याद हाय ते वाशीमचं हिरालाल शेठचं दुकान. फळीवर आमी तिघं होतो. एक मोठा, दोन थाळ्याएवढ्या चकऱ्या असलेला, लाइटीवर चालनारा. दुसरा रेडिओसंग जोडलेला, चकचकीत, समोरून जाळीदार. अन् खालच्या फळीवर मी, सेलवर चालनारा, धूळ बसलेला. गिऱ्हाईक आलं की शेठ पयले चकचकीतावरून हात फिरवे. मले कोनी विचारे नाई.

एक दिवस दोघं भाऊ आले. मोठा गोविंदा, लहाना शेषराव. दोघंही दुसऱ्याच्या वावरात राबनारे, पन त्याईची गायन पार्टी होती. जयंतीले गावोगावी जाऊन गानी म्हनत. शेषराव गानी जुळवे अन् म्हने. गोविंदा ढोलक वाजवे. गान्याची चाल सिनेमाची राहे अन् शब्द शेषरावचे. आता चाल याद ठेवाची कशी? शेषराव टुरिंग टाकीतून चाल तोंडात घोळवत घोळवत पायी घरी ये, अन् रस्त्यात एखाद्या बैलगाडीच्या घुंगरानं अर्धी चाल सांडून जाय. म्हनून चाल पकडनारी मशीन घ्याले ते आलते.

शेषरावचं मन चकचकीतावर बसलं.

"दादा, हा बरा दिसते."

"दिसते त त्याले नवरदेव बनवाचा हाय काय?" गोविंदा म्हने. अन् त्यानं खांद्यावरचा ढोलक काढला अन् दुकानातच मांडी घातली.

शेठ उठून उभा. "अरे, हे काय करून राह्यले तुमी? हे दुकान हाय."

"लुगडं घेतानी उलगडून पायतो का नाई, शेठ? तसंच हे बी उलगडून पाहू द्या."

"बाहेर गर्दी जमून राह्यली ना बाप्पा."

"जमू द्या. तुमचंच गिऱ्हाईक हाय."

मंग प्रत्येकाच्या समोर गोविंदानं ढोलक वाजवला अन् प्रत्येकाचं परत आयकलं, डोळे मिटून. मोठ्या मशीनचा आवाज मस्त होता, पन गोविंदा म्हने, "याले लाइट पायजे. आपल्या वस्तीत अजून खांब बी नाई आला. याले काय गोठ्यात बांधून ठेवू?" चकचकीताचं आयकलं अन् हासला. "उजव्या हाताच्या टिचक्या देते हा, डाव्या हाताची धूम कुठं गेली? माह्या अर्ध्या अंगाची मजुरी खाल्ली यानं."

मंग माही पाळी आली. ढोलकाच्या मोठ्या तोंडावर जी जड थाप पडते, जिच्यानं छातीत हालते, तिले ते धूम म्हनत. मी जशी घेतली तशी परत देल्ली. गोविंदानं डोळे उघडले.

"हा घे, शेषराव. हा कमी जास्त बोलत नाई."

इतकं चांगलं मले कोनीच म्हनलं नोतं, मित्रांनो.

तिथून माहे सुखाचे दिस सुरू झाले. शेषराव मले हाटेलातल्या रेडिओपुढं धरून बसे अन् चाल पकडे. एक डाव गानं चालू असतानीच हाटेलवाल्यानं बशा आपटल्या. त्या बशाही माह्या पोटात गेल्या. मंग घरी तालमीत खंजेरीवाल्यानं त्याच जागेवर खनकन वाजवलं. "अबे, हे काय?" शेषराव म्हने. "टेपात हाय ना," तो म्हने. अन् ते तसंच राह्यलं. लोकाईले लय आवडलं.

माहे सेल उतरले की पंचफुलाबाई ते उनात वाळवे. ही गोविंदाची बायको. पापडाच्या खाटेवर पापड अन् सेल शेजारी शेजारी. जरा ऊन लागलं की सेलात जीव ये. "तुह्या भावाले बी असंच उनात ठेव," ती शेषरावले म्हने, "कामाले तरी लागन." गोविंदा आयकून खाटेवर अजूनच पसरे.

मंग त्याले खोकला लागला. पयले वावरातल्या धुळीचा वाटला. मंग उतरतच नाई. औषध झालं, सुया झाल्या. अंग असं सुकलं की ढोलक त्याच्या मांडीवर मोठा दिसे. अन् जयंती आली. किन्हीराजा गावची सुपारी, म्हंजे कार्यक्रमाचा इसार, शेषरावनं घेऊन ठेवली होती.

"नाई म्हनून येतो मी," शेषराव म्हने.

"सुपारी घेतली ना? मंग नाई म्हनाचं नाई. मले नको नेऊ. माहा हात ने."

त्या दुपारी लिंबाखाली खाट टाकली. मले उशाशी ठेवलं अन् लाल बटन दाबलं. हे लाल बटन तुमी समजून घ्या. ते दाबलं की मी पयले टेपवरचं जुनं सारं पुसतो, मंग नवं लिहतो. हे मी माह्या मर्जीनं करत नाई, माही बनावटच तशी हाय.

बटन दाबलं अन् गोविंदाले खोकला आला. खोकला झाल्यावर तो म्हने, "पंचफुला, घोटभर पानी आन वं." तिच्या पावलाचा आवाज आला, गडव्याचा आला. मंग तो प्याला, अन् मंग ढोलक सुरू झाला. पार्टीच्या साऱ्या गान्याचे ठेके त्यानं ओळीनं वाजवले. मधात दम घ्याले थांबे, पन हात चुकला नाई. हे सारं माह्या पोटात बसलं.

किन्हीराजाले मले ढोलकवाल्याच्या जागेवर, पाटावर बसवलं. "ढोलकवाला कुठं हाय?" लोकं विचारत. शेषराव मले हात लावून म्हने, "आत बसला हाय." अन् गानं जमलं, मित्रांनो. लोकं डोलले. शेवटी शेवटी माहे सेल उतरत आले, चकऱ्या मंद झाल्या, ढोलक हळू पडला. शेषरावनं गानं हळू केलं, कोरसनं बी केलं. एक म्हतारी मंडपात म्हने, "आज पाळन्यावानी म्हनून राह्यले पोट्टे." घरी येऊन हे सांगतलं त गोविंदा पोट धरून हासला.

"मी थकलो, म्हनून माहा हात बी थकला लेका."

ज्वारी निसवली होती तवा गोविंदा गेला.

त्याचा फोटो कोनाजवळच नोता. लग्नात बी काढला नोता. त्याच्या मागं पुन्यानुमोदनाचा विधी ठेवला, त्या दिवशी त्रिशरन झालं अन् शेषरावनं मले चार लोकाईत लावलं, भावाचा ढोलक आयकवाले. पयलेच खोकला आला, अन् मंग, "पंचफुला, घोटभर पानी आन वं." पंचफुलाबाई मागच्या घरात पीठ मळत होती. पिठाचे हात घेऊन दारात आली अन् उभीच राह्यली. ढोलक वाजला तसे लोकं रडले. ती नाई रडली.

दुसऱ्या दिवसापासून ती निंदनावरून आली की शेषरावच्या वट्ट्यावर बसे. "शेषराव, जरा लाव बरं." तो लावे. ती माह्याजवळ कान आने. खोकला, मंग ते शब्द, मंग पावलं. ढोलकाची पयली थाप पडली की उठे. "बस. पुढचं पार्टीचं हाय." अन् घरी जाय.

पार्टीत नवा ढोलकवाला घ्या, असं लोकं म्हनत. गावातच पुंजाजी होता, चांगला वाजवे. पन शेषराव आयके नाई. कार्यक्रमाले मलेच ने, पाटावर बसवे. अन् असंच एका गावी टेप थापेपर्यंत पुढं घ्याची राहून गेली, अन् मंडप भरलेला असतानी त्यानं बटन दाबलं अन् माह्यातून खोकला निंघाला. समोर चार पोट्टे बसले होते.

"अबे, टेपले बी खोकला झाला."

"काढा पाजा त्याले."

"पानी मांगून राह्यला, द्या ना कोनी."

सारा मंडप हासला. शेषरावचं तोंड लाल झालं. गानं त्यानं म्हनलं, अन् रातोरात बैलगाडीनं वापस आला.

सकाळी त्यानं मले मांडीवर घेतलं. टेप पार सुरुवातीले आनली. दार लोटलं, स्वतःच्या तोंडावर हात ठेवला, अन् लाल बटन दाबलं. ढोलकाची पयली थाप कुठं हाय ते त्याले पाठ होतं. बरोबर तिच्या आधी त्यानं मले थांबवलं. एक थाप बी खराब झाली नाई. बटनावरून बोट काढलं अन् मले म्हने, "आता कोनी नाई हासनार माह्या भावाले."

दुपारी पंचफुलाबाई आली. हातात खुरपं, पायाले माती.

"शेषराव, जरा लाव बरं."

त्यानं लावलं. सरसर आवाज आला. मंग थाप पडली.

"मागं घे. पुढं गेला तू."

त्यानं मागं घेतलं. सरसर, अन् थाप.

"शेषराव, हे कुठं गेले?"

"वैनी, मी ते साफ केलं. लोकं हासत होते दादाले."

पंचफुलाबाईनं खुरपं खाली ठेवलं. मंग म्हने, "हासत होते त हासू द्याचे होते. गानं तुहं हाय. ढोलक पार्टीचा हाय. माह्या वाटनीले तेवढंच आलं होतं."

शेषरावले तवा समजलं. चेहरा असा झाला की मले पाहावे नाई. तो म्हने, "वैनी, माहा गळा दादासारखाच हाय. सारे म्हन्तात. मी म्हनून देऊ काय तिथं? तेच शब्द?"

तिनं त्याच्याकडं पाह्यलं. रागानं नाई.

"अन् मी पानी कोनाले आनू?"

त्यानं मले बंद केलं.

"नको भाऊ," ती म्हने. "तिथं आता कोनीच बोलू नका."

संध्याकाळी शेषरावनं मले फडक्यात गुंडाळलं, टेप पोटात तशीच ठेवली, अन् वैनीच्या दिवळीत आनून ठेवलं. पुढच्या जयंतीले पुंजाजी ढोलक घेऊन बसला. पार्टी चालली. शेषराव गात राह्यला, पन चाल पकडाले मले मांगाले तो कधी आला नाई.

पंचफुलाबाई मले कधी कधी लावे. सरसर आयके, ती कोरी जागा पूर्न आयके, अन् थाप पडाच्या आधी बटन दाबे. शेजारीन म्हने, "अवं, रिकामी टेप काय आयकतं?" ती म्हने, "रिकामी नाई. इथं ते होते." मंग सेल उनात ठेवूनही जीव धरेनात. पट्टा ढिला पडला. तवापासून मी दिवळीत आहो. ती फडकं धुते, मले पुसते, अन् परत झाकते.

मित्रांनो, माह्यासारख्या मशीनीले धूळ लागू देऊ नका, ओल लागू देऊ नका, सेल आत सडू देऊ नका, हे त सारेच सांगतीन. मी एकच मांगतो. लाल बटनावर बोट ठेवाच्या आधी घरातल्या मानसाले विचारा, याच्यात तुहं काही हाय काय? तुमाले जो खोकला वाटते, जे फालतू वाटते, तेच कोनाच्या तरी वाटनीले आलं राह्यते. शेषराव वाईट मानूस नोता. भावावर त्याचा लय जीव होता. त्यानं फक्त विचारलं नाई. विचारलं असतं, त माहा पट्टा ढिला पडेपर्यंत पंचफुलाबाईच्या घरी कोनीतरी पानी मांगत राह्यलं असतं.