नात चालली त्या दिवशी

मी टेलिफोनची एक जुनी तांब्याची तार आहे, मित्रांनो. अलेक्झांड्रियात, समुद्राजवळच्या गल्लीत, हाजी शाकिर यांच्या घरापासून टेलिफोन केंद्रापर्यंत मी पसरले आहे. खारा वारा अंगावरून गेला की मला गुंगीच येते. पूर्वी माझ्यातून नुसते आवाज जात. मग इंटरनेट आलं आणि मी हवेत तरंगू लागले! घरातल्या इंटरनेटच्या डबीवर हिरवा दिवा लागे आणि माझा वेग आठ एमबी दिसे.

हाजींचा हात सढळ. गच्चीवरून त्यांनी शेजारच्या सगळ्या घरांना जोडण्या दिल्या. रमजानात सगळे इंटरनेटवर मालिका बघत बसत आणि हाजींच्या वाट्याला थेंब थेंब येई.

त्या रमजानात हाजींच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं. नजर राहील की जाईल, डॉक्टर सांगेनात. आदल्या रात्री दवाखान्यात भरती व्हायचं होतं. त्याच दिवशी दुपारी कॅनडातून मुलाने व्हिडिओ पाठवला. नात पहिल्यांदा चालली होती. पण संध्याकाळ होत आली तरी तो व्हिडिओ काही केल्या उतरेना.

त्यांची बायको इन्शिराह माझ्यावर खेकसली, "आठ म्हणे आठ! गोगलगाय बरी हिच्यापेक्षा!"

मला फार लागलं. केंद्रापर्यंत मी आठनेच धावत होते हो! पण वाटेकरी किती!

"अहो हाजी, शेजाऱ्यांना सांगून बघते. थोडा वेळ बंद ठेवतील."

"नको गं. उपाशी माणसं, तेवढाच विरंगुळा. दिलेलं काय मागायचं?"

"आणि तुमच्या डोळ्यांचं काय?" ती रडायलाच लागली.

तेवढ्यात मगरिबची अजान झाली. मालिका थांबवून सगळी गल्ली रोजा सोडायला बसली. माझ्या अंगात कसं मोकळं मोकळं वाटलं! जवळजवळ आठच्या आठ त्या एका घरात उतरले. इन्शिराह खजूर तोंडात घालायचीही विसरली. हाजी पडद्याला नाक लावून बसले.

"भिंत सोडून चालली गं! तुझ्यासारखीच फेंगडी!"

"इश्श, माझ्यासारखी कशाला?" ती डोळे पुसत हसली.

ऑपरेशन झालं, पण हाजींची नजर गेली ती गेलीच.

मित्रांनो, तारेला शिव्या घालण्याआधी तिच्यावर कितीजण आहेत ते बघा. शेजाऱ्याचं काही अडलंय का, तेही विचारा. अजान जरा उशिरा झाली असती तर? मी अजून झोपेत दचकते.

हाजी रोज तो व्हिडिओ लावून ऐकतात. संपला तरी त्यांना कळत नाही.

"आता भिंत सोडली ना गं तिने?"

काळ्या पडद्याकडे बघत इन्शिराह म्हणते, "हो, सोडली."